येणे आणि देणे



25 जून जवळ आला की घरोघरच्या ग्रुपवर एक जुना कागद फिरू लागतो. 1983 च्या विश्वविजेत्या क्रिकेट संघाचे मानधनपत्रक. विजयानंतरच्या सप्टेंबर महिन्यातले, पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याचे. रोजचे 200 प्रमाणे तीन दिवसांचा भत्ता 600, सामन्याचे 1500, एकूण 2100 रुपये. कर्णधार कपिलदेवला जेवढे, तेवढेच गावसकरांना आणि तेवढेच संदीप पाटलांना. ज्येष्ठ क्रीडापत्रकार मकरंद वायंगणकर यांनी 2019 मध्ये तो सोशल मीडियावर टाकला आणि तेव्हापासून तो थांबलेलाच नाही. खाली कोणीतरी हमखास लिहितं, "बघा, तेव्हा देशासाठी खेळायचे, आता पैशासाठी!"

हे काही आम्हाला पटत नाही. कमी मिळाले म्हणून मन निर्लोभी होते, असं कागदावर कुठे लिहिलंय? जास्त द्यायला बोर्डाकडे नव्हतेच. विश्वचषक आणला तरी बक्षीस कुठून द्यायचे हा प्रश्न होता. शेवटी लता मंगेशकरांनी दिल्लीत कार्यक्रम केला, स्वतः काही घेतले नाही, आणि त्या पैशातून प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाले. लतादीदींचा जन्म आपल्या शेजारच्या इंदूरचा, हे जाता जाता. आज एका एकदिवसीय सामन्याचे सहा लाख मिळतात. म्हणून आजचा खेळाडू लोभी, असंही त्यातून निघत नाही. किती दिले ते आकडा सांगतो. घेणाऱ्याचे मन त्याला काय ठाऊक?

यावरून रविवारच्या वाचनानंतर एका तरुण साधकाने विचारलं, की महाराज अपरिग्रह सांगतात, मग दुसऱ्याच्या पैशाचे कागद जपण्यात पुण्य ते काय? तुकोबांनी तर सरळ नदीत टाकले!

प्रश्न चांगला होता, आम्ही दोन आठवडे तो धरून बसलो.

तुकोबांची गोष्ट नीट आठवून बघा. घरी सावकारी होती, लोकांचे रोखे होते. भावाचा निम्मा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीला वाहिले. भावाच्या हक्काला हात लावला नाही, हे आपण सांगताना विसरतो. आणि बुडवले ते काय? येणे. ज्या कागदात दुसरा आपला कुळ होता, तो कागद. आपण कोणाचे देणे लागतो त्याची चिठ्ठी त्यांनी पाण्यात टाकली असती, तर त्याला आपण वैराग्य म्हटलं असतं का?

2100 रुपयांचा तो कागद आम्हाला देण्याचा वाटतो. त्यात ऋणी आहोत ते आपण, टाळ्या वाजवणारे. तो जपायला हवा तो एवढ्यासाठी.

देण्याचा कागदच नसला की काय होतं, त्याचाही एक किस्सा आपल्या माळव्यातला आहे. होळकरांचा क्रिकेट संघ तुमच्या आजोबांना ठाऊक असेल. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे यांचा हा संघ. 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 असा चार वेळा रणजी विजेता. त्याआधी 1945 च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांकडून डेनिस कॉम्प्टन हा इंग्रज खेळाडू खेळला. युद्धामुळे तो महूच्या छावणीत होता. एका धनिकाने त्याला शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे पैसे कबूल केले. कॉम्प्टनने नाबाद 249 केल्या. सामना हरले ते वेगळं. बाहेर येऊन बघतो तर शेठजी नाहीत, चिठ्ठी आहे, की तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागलं! कॉम्प्टन पुढे हे हसत हसत सांगायचा. हसणं त्याला परवडलं. शब्दावर विसंबून राबलेल्या गड्याला ते परवडत नाही.

आता आपल्या घरांकडे येऊ. इथल्या कितीतरी मराठी घरांत माळ्यावर ट्रंक आहे, त्यात मोडीतले रोखे, हुंड्या, ग्वाल्हेर दरबारचे मुद्रांक आहेत. हल्ली असे कागद चांगल्या भावाने विकले जातात. घेणारा शिक्का बघतो, छपाई बघतो. आत कोणाचे बैल गहाण पडले ते कोण वाचतो? संग्रहाला आमचा विरोध नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करायचे, त्यातून साधनांचे 22 खंड उभे राहिले, आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. पण त्यांनी जमवलं ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून. काचेत लावून पाहुण्यांना दाखवायला नव्हे. कोणाच्या पणजोबांचं कर्ज नावासकट ग्रुपवर टाकणं तर आम्हाला सरळ पाप वाटतं.

आपल्यातल्याच एका घरी दिवाळीच्या साफसफाईत असा रोखा निघाला. मोडी वाचणाऱ्या काकांकडून वाचून घेतला, तर नाव निघालं त्याच गल्लीतल्या घराचं. सासरे म्हणाले, ठेवू, जुनी वस्तू आहे. सूनबाई म्हणाल्या, त्यांच्या मुलीची सोयरीक चाललीय, उगाच कोणाच्या तोंडी नको, शिप्रेत सोडून देऊ. दोन दिवस वाद झाला. मग दोघांनी मिळून तो कागद त्या घरी नेऊन दिला आणि सांगितलं, हा तुमचा, फाडा किंवा ठेवा.

तिथल्या आजोबांनी विचारलं, "यात अंगठा कुणाचा?" त्यांच्या आजोबांचा. म्हातारबुवांनी चष्मा लावून तो ठसा बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "फाडू नका. आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही."