जागेचं ऋण

गावातली सगळी माणसं बदलली तर गाव तेच राहतं का? बौद्ध भिक्खू नागसेनानं मिलिंद राजाला रथाच्या दृष्टान्तानं समजावलं होतं, की चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि त्यांच्यावेगळा असाही रथ कुठे नाही. रथ हे केवळ व्यवहारातलं नाव. कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीकाठच्या बराकपूरला हे चपखल लागू पडावं. इथल्या जुन्या वस्तीला चानक म्हणत. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची छावणी पडली आणि बराकींवरून नवं नाव रुळलं. मग तागाच्या गिरण्यांसाठी बिहार, ओडिशा, आंध्रातून मजूर आले आणि फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित. नागसेनाच्या हिशेबानं बराकपूर ही नुसती पाटी ठरते.

मला हा हिशेब अपुरा वाटतो, तो तिथल्या बिंदाबाबाच्या देवळामुळे. १८२४ साली, पहिल्या ब्रह्मी युद्धात, ४७व्या पलटणीला चितगावकडे कूच करायचा हुकूम सुटला. सामान वाहायला बैल मिळेनात. शिपाई स्वतःची पितळी भांडी अंथरुणात बांधून नेत. ते ओझं पाठीवर घेऊन एवढी मजल कशी मारायची? सोयीची तजवीज झाल्याशिवाय हलणार नाही म्हणून ते कवायतीच्या मैदानावर अडून राहिले आणि २ नोव्हेंबरला त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या. म्होरक्या बिंदी तिवारीला काही दिवसांनी फाशी झाली, त्याचं प्रेत साखळदंडात टांगून ठेवलं. पलटणही मोडली. ना भाऊबंद, ना गोतावळा, तरी त्याच्या नावानं हे बिंदाबाबाचं देऊळ उभं राहिलं आणि नंतर आलेल्यांनी ते राखलं. पितृऋण रक्तानं लागतं; जागेचं ऋण नुसतं राहण्यानं लागतं, असं मी म्हणतो. कोकणात नवं घर बांधणारा उपराही ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवतो, तो दुसऱ्या कशासाठी? गावाचं सातत्य असेल तर ते या देण्यात आहे, वंशावळीत नाही.

कुणी म्हणेल, देव माणसांचे असतात, मातीचे नव्हेत. विस्थापित आपला देव बरोबर नेतातच. खरं आहे. पण उजनी धरणात जुनं पळसदेव गाव बुडालं, तरी उन्हाळ्यात पाणी उतरून देऊळ उघडं पडलं की लोक होड्यांनी तिथे जातात. जागेचा हक्क सुटलेला नसतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: तिवारीही बाहेरचाच, तोही कंपनीचा पगारी शिपाई, त्याला देऊळ मिळालं, पण छावणीआधी इथे नांगर धरणाऱ्यांना, जाळं टाकणाऱ्यांना काय मिळालं? या आक्षेपानं माझा मुद्दा खोटा ठरत नाही, कारण न फेडलेलं कर्जही कर्जच असतं. मात्र बराकपूरला तो लागू आहे. बिंदाबाबाचं देणं या गावानं मानलं. चानकचं अजून थकलेलंच आहे.