माल कुणाचा?

दिग्रसच्या आमच्या घरी व्हीसीडी प्लेअर आला तेव्हा मी पाचवीत होतो. मोठेबाबांनी पहिल्याच आठवड्यात 'सामना' आणला. दोन डिस्कचा सेट होता. पहिली संपली की ते स्वतः उठून दुसरी घालायचे, आणि मध्येच लाइट गेली तर उरलेला सिनेमा अंधारात करून दाखवायचे. निळू फुले तेच, श्रीराम लागूही तेच. त्या डिस्कवर सिनेमा सोडून दुसरं काहीच नव्हतं. आमचं बोनस फीचर म्हणजे मोठेबाबा.

बोनस फीचर नावाची वस्तू असते हे मला पुण्यात नोकरी लागल्यावर कळलं. १९८४ साली क्रायटेरियन या कंपनीनं 'किंग काँग'च्या लेझरडिस्कवर एक वेगळा ध्वनिपट दिला. सिनेमा चालू असताना रोनाल्ड हेवर हे जाणकार त्यावर बोलत राहतात. पुढे जुन्या सिनेमांच्या डिस्कवर नटांच्या मुलाखतीही येऊ लागल्या. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. त्या दुरुस्त होऊन २०१५ मध्ये संच निघाला, तेव्हा सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर त्यात बोलले.

हे पाहताना मला हेवा वाटायचा. 'सामना' १९७५ चा. निळू फुले २००९ मध्ये गेले, डॉ. लागू २०१९ मध्ये. दोघांना शेजारी बसवून कुणी हा सिनेमा सलग दाखवला असता आणि समोर फक्त रेकॉर्डर ठेवला असता तर? माझ्यातला इंजिनियर म्हणायचा, बॅकअप घेतला नाही ही चूकच. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुनी कित्येक रिळं गेली. माणसाची आठवणही तशीच जळणारी. तिची तर दुसरी प्रतही नसते.

पण त्यातून नटावर काही कर्ज चढतं का? त्यानं बोललंच पाहिजे, असं आपण म्हणू शकतो का?

डॉ. लागूंच्या आत्मचरित्राचं नाव 'लमाण' आहे. नट म्हणजे लमाण, एकीकडचा माल दुसरीकडे पोचवणारा, असा त्यामागचा विचार. आमच्या दिग्रस-पुसद भागात हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. शाळेतली माझ्या बाकावरची पोरं तांड्यावरून यायची. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. गोणी उतरवली की काम झालं. मिठाची चव कशी लागली हे लमाणानं सांगायचं नसतं. या हिशेबानं 'सामना'तल्या मास्तरचं लागूंना जे म्हणायचं होतं ते त्यांनी पडद्यावर म्हणून टाकलं. त्यावर आणखी मागणं ही आपली हाव.

शिवाय आठवणीवर भरवसा तरी किती ठेवायचा? शंभरदा सांगितलेला किस्सा शंभराव्या वेळी गुळगुळीत झालेला असतो. आणि मागे जो उरतो त्याचीच बाजू नोंदली जाते. 'मंथन'ची दुरुस्त प्रत २०२४ मध्ये कानला दाखवली तेव्हा नसीरुद्दीन शाह तिथे होते. स्मिता पाटील १९८६ मध्येच गेल्या. त्यांच्या वतीनं प्रतीक होता, आई गेली तेव्हा जेमतेम पंधरा दिवसांचा असलेला मुलगा. तो आईचा मान घेऊ शकतो, तिची साक्ष कशी देणार?

इथपर्यंत माझं मत जवळजवळ ठरलं होतं: नटाचं मौन हा त्याचा हक्क. मग तीन वर्षांपूर्वीची दिवाळी आली.

मोठेबाबा तरुणपणी गणपतीत नाटकं करायचे. त्यांनी लिहिलेलं आणि गाजवलेलं एक नाटक आमच्या घराण्याची शान होती. मी त्यांना म्हटलं, तुमची मुलाखत रेकॉर्ड करतो. ते म्हणाले, "जे करायचं ते स्टेजवर केलं. आता बोलून काय करू?" त्या रात्री ओसरीवर गप्पा सुरू झाल्या आणि मी खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. त्यांना न विचारता. एक्केचाळीस मिनिटं.

तिसाव्या मिनिटाच्या आसपास ते म्हणतात, "थे नाटक माह्यं नोतं रे." ते लिहिलं होतं आमच्या सालदारानं. माणूस सातवी शिकलेला, रात्री कंदिलाजवळ बसून लिहायचा. हँडबिलावर नाव मात्र मोठेबाबांचं छापलं, कारण वर्गणी मालकाच्या नावावर मिळायची. शेवटी म्हणाले, "कोनाले सांगजो नोको." मी हो म्हटलं.

गेल्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्धाला चुलतभावानं ते रेकॉर्डिंग मागितलं. यूट्यूबवर टाकायचं होतं, 'आमचे बाबा, लेखक आणि नट' म्हणून.

तेव्हा मी 'सामना' पुन्हा पाहिला, फोनवर. तेंडुलकरांनी लिहिलेल्या त्या सिनेमात मास्तर एकच गोष्ट विचारत राहतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं. हिंदूराव धोंडे-पाटील सगळं देऊ करतो, त्याचं उत्तर सोडून. तिथं गप्प बसणं हा कुणाचाच हक्क ठरत नाही, कारण त्या गप्प बसण्याखाली एक माणूस गाडलेला आहे. मला वाटतं, फरक इथे आहे. मालाची चव सांगायला लमाण बांधील नाही. माल कुणाचा, हे विचारल्यावर मात्र त्याला सांगावंच लागेल. मोठेबाबांनी दुसऱ्याच्या गोणीवर आपला शिक्का मारला होता.

तेंडुलकरांनीच पटकथा लिहिलेल्या 'मंथन'ला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत तेच पाच लाख शेतकरी आहेत. दोन रुपयांची इतकी नोंद. आमच्या कामातही कोडची कोणती ओळ कुणी लिहिली हे एका कमांडवर दिसतं. कंदिलाजवळ बसून लिहिलेल्या अख्ख्या नाटकाची मात्र कुठेच नोंद नाही.

म्हणून आता नटांच्या मुलाखती मी वेगळ्या कानानं ऐकतो. रडण्याचा सीन कसा केला, हे नाही सांगितलं तरी चालेल. पण ज्याचं नाव पाटीवर आलं नाही अशा एखाद्या माणसाचं नाव ते घेतात का, याकडे माझं लक्ष असतं. जुन्या नटाकडे मागण्याजोगं मला तेवढंच दिसतं.

रेकॉर्डिंग मी भावाला दिलं नाही. चोरून घेतलेला आवाज जगासमोर ठेवायचा अधिकार मला नाही. पण सालदाराच्या मुलाला जाऊन सांगितलं. मोठेबाबांना दिलेला शब्द मोडला, आणि तो मोडल्याचा त्रास मला होतो. तो होणारच. शब्द त्यांनी घेतला होता, पण ती गोष्ट एकट्या त्यांची नव्हती. भाऊ तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही.

सालदाराच्या मुलानं आवाज ऐकायला मागितला. तेवढी चार मिनिटं मी ऐकवली. त्यानं दोनदा ऐकली. चिडेल असं वाटलं होतं, चिडला नाही. मी निघालो तेव्हा चपला घालेपर्यंत थांबला आणि एवढंच विचारलं, "माह्या बाबाच्या हातचं एखादं पान हाय का तुमच्या घरी?"

मी घरी येऊन मोठेबाबांच्या ट्रंका, माळा, देवघरामागचं कपाट, सगळं पाहिलं. हँडबिलं सापडली, सतरा. पान एकही नाही.