तीन तास झोपून फ्रेश?

दार लावलंय. बस. मान खाली घालायचं नाटक नको, माझ्याकडे बघ.

पहाटे तीनपर्यंत अभ्यासिकेत, मधे सात रस्ता चौकात चहा, परत येऊन मोबाईल. सकाळचे दोन तास बुडवून दहाला वर्गात. वर परवा पोरांना ऐकवत होतास, "तीनच तास झोपतोय, तरी एकदम फ्रेश!" पोरं हसली. मला हसू आलं नाही. बायपोलर आहे हे तूच मला सांगितलंस ना? मग ऐक. कमी झोपूनही थकवा न येणं हा पराक्रम नव्हे. त्या आजाराचा पारा चढू लागल्याची ती खूण असू शकते. रात्री जागून त्याला वर ढकलायचं कामही तूच करतोयस.

कसं ते सांगतो. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते. मदुराईच्या विद्यापीठात बाहेरच्या जगापासून तोडलेल्या खोलीत माणसं ठेवून पाहिलं होतं, ना ऊन ना घड्याळ. त्यांचा दिवस २४ तासांपेक्षा लांबत गेला. रोजचा उजेड या आतल्या घड्याळाला जागेवर आणतो. तू पहाटे तीननंतर डोळ्यांसमोर मोबाईल धरतोस आणि सकाळी पडदे ओढून घोरतोस. ते बिचारं जागेवर येणार कसं?

घरी तुला आळशी म्हणतात, ते मात्र चूक. वयात येताना बहुतेक सगळ्यांचीच झोप उशिरा सरकते. मूडचा आजार असलेल्या बऱ्याच पोरांची त्याहून जास्त. ते तुझ्या हातात नाही. पण त्यावर रात्रभर टपऱ्या हिंडणं तुझ्याच हातात आहे. तुझे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, ती पोटासाठी. तुझ्यावर कुणी पाळी लावली बे?

आणि गोळ्या! बरं वाटलं म्हणून दोन दिवस सोडल्यास, खरं ना? लिथियम म्हणजे काय खोकल्याची गोळी वाटली? घेतानाही जपावं लागतं. सोलापूरच्या मे महिन्यात घामानं अंग निथळतं, पाणी कमी पडलं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला, तर तसाच डॉक्टरांकडे पळ. रक्ततपासणीची तारीख चुकवायची नाही. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी मागून आणायची नाही. आणि कुणी इंटरनेटवर बघून प्रखर दिव्यासमोर बस म्हणालं, तर आधी डॉक्टरांना विचार. तुझ्या आजारात त्यानंही पारा चढू शकतो.

मग करायचं काय? उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. उठलास की कंबर तलावाला एक चक्कर. रात्री कितीला आडवा झालास, सकाळी कितीला उठलास, रोज वहीत लिही आणि पुढच्या वेळी वही डॉक्टरांसमोर ठेव. "झोप नीट नाही" एवढ्यानं त्यांना काही कळत नाही.

अभ्यास बुडेल? बुडू दे थोडा. बारावी पुढच्या वर्षीही असते.

आता आईला फोन लाव. रात्री दहानंतर मोबाईल त्यांच्या उशाशी राहील, हे मी त्यांना तुझ्यासमोरच सांगतो. आणि पोराला आळशी म्हणू नका, हेही. लाव की, बघतोस काय!