शास्त्र आणि परंपरा : एकच झरा



"हे बायबलमध्ये कुठे लिहिलंय?" डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये एखाद्या प्रोटेस्टंट मित्राने विचारले की आपण गप्प बसतो. श्रद्धेसाठी केवळ पवित्र शास्त्र पुरे, असे त्यांचे म्हणणे.

1321 साली आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन रक्तसाक्षी झाले. त्यांना आसरा देणारी ख्रिस्ती कुटुंबे इथे आधीपासून होती. तेव्हा छापखाने नव्हते, घरोघरी बायबल नव्हते. श्रद्धा उपासनेतून आणि वडीलधाऱ्यांच्या मुखातून पुढे आली. नव्या करारातील 27 पुस्तकांची यादीही बायबलमध्ये नाही. ती चौथ्या शतकात ख्रिस्तसभेने निश्चित केली. तोंडी असो वा पत्राने, मिळालेली शिकवण धरून ठेवा, असे संत पौलही सांगतो (2 थेस्स. 2:15).

म्हणून बायबल कपाटात ठेवायचे का? मुळीच नाही! 1811 साली मराठी नवा करार छापला तो विल्यम कॅरी या प्रोटेस्टंट मिशनऱ्याने. ते ऋण आपण मानू या. शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून येतात, अशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची 1965 सालची शिकवण आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपण आज मिस्साहून घरी गेल्यावर शुभवर्तमान सहकुटुंब पुन्हा वाचू या. मग लोकलमधल्या मित्राला उत्तर देताना आपल्या बोलण्यात राग नसेल, प्रीती असेल.