सवय म्हणजे संमती नव्हे

आवाज हा काय प्रश्न आहे का, असं आपल्यातलेच कार्यकर्ते विचारतात. जमिनी चालल्यात, पोरांना नोकऱ्या नाहीत, अन् तुम्ही आवाजाचं काय घेऊन बसलात? पोट भरलेल्याला शांतता सुचते. वर पुरावाही देतात : कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणारी माणसं स्वतःच सांगतात, "काय नाय, सवय झालीय."

या 'सवय झालीय'चाच हिशेब मांडायचा आहे.

उरण घ्या. १९७४ साली मुंबई हायला तेल लागलं. पुढं समुद्राखालच्या नळातून वायू उरणला आला. प्रक्रिया प्रकल्प झाला, १९८२ पासून वायूवरचं वीजकेंद्र सुरू झालं. असं काम कुठंही मुकाट्यानं होत नाही. वायूचा दाब वाढवणारे कॉम्प्रेसर रात्रंदिवस घुमतात. दाब उतरवणाऱ्या झडपा शिट्टी घालतात. जास्तीचा वायू उंच नळीच्या टोकाला जाळतात, ती ज्योत गरजते. शिट्टी भिंतीला बरीच अडते. घुमणं अडत नाही. पन्नास हर्ट्झच्या जाड्या आवाजाची एक लाट सात मीटरच्या आसपास लांब असते. ती कुंपणाच्या भिंतीला वळसा घालते, पत्र्याच्या घरात शिरते, मांडणीवरची भांडी थरथरवते.

आता कायदा बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, औद्योगिक क्षेत्रासाठी ७०. फरक पंचवीसचा दिसतो. पण ही मोजपट्टी बेरजेची नाही, गुणाकाराची आहे. दर दहाला आवाजाची शक्ती दहापट होते. म्हणजे पंचवीसला तीनशे पटींहून जास्त! कान तोच, माणूस तोच. नकाशात त्याच्या झोपडीखाली कुठला रंग भरलाय, त्यावर त्यानं किती सोसायचं ते ठरतं.

आणखी एक गोम आहे. नियमातलं मोजमाप 'ए' पट्टीचं. ही पट्टी जाड्या आवाजाला कमी धरते. म्हणजे जे घुमणं भिंतीतून आत येतं, तेच हिशेबात हलकं होतं. शिवाय मोजायची ती सरासरी. रात्री दोनला झडप किंचाळली, मूल दचकून उठलं, तर ती किंकाळी रात्रभराच्या आकड्यात विरघळून जाते. मूल काही सरासरीनं दचकत नाही. यंत्र खोटं बोलत नसेल, पण काय मोजायचं ते यंत्रानं ठरवलेलं नाही.

मग सवयीचं काय? डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. झोपलेल्या माणसाचाही कान जागा असतो, आवाज झाला की नाडी हलते. मन विसरतं, शरीर विसरत नाही. १९७५ साली न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचा अभ्यास छापून आला. शाळेच्या एका बाजूनं उंचावरून रेल्वे धडधडत जायची. त्या बाजूच्या वर्गातली पोरं वाचनात शांत बाजूच्या पोरांच्या मागं पडलेली निघाली. पुढं आवाज कमी केला, तसा फरक मिटला. रेल्वेचा आवाज जात-येत असतो, कॉम्प्रेसरचा थांबतच नाही. 'शिका' हे ज्यांच्या चळवळीचं पहिलं अक्षर, त्यांनी आवाजाला चैनीची तक्रार म्हणावं?

अन् सवयीचा युक्तिवाद आपल्याला नवा आहे का? मेलेलं ढोर ओढायची यांना सवय आहे, मैला वाहायची सवय आहे, गावकुसाबाहेर राहायची सवय आहे, असंच म्हणत आले ना? ज्याला 'नाही' म्हणायला जागा आहे, त्याच्याच 'हो'ला संमती म्हणतात. ज्याला उठून दुसरीकडं जाता येत नाही, त्याची सवय म्हणजे शरीरानं नाइलाजानं केलेली तडजोड. ती कुणी परवान्यासारखी वापरू नये. गौतम धर्मसूत्रानं वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथील अन् लाख ओतायला सांगितलं. तेव्हा कान बंद करायचा हुकूम होता, आता कान बंद करायची सोय नाही. दोन्हीकडं एक गोष्ट सारखी : कान ज्याचा, त्याला कुणी विचारलं नाही.

कुणी म्हणेल, गॅस तुमच्याही चुलीत जळतो की! जळतो. म्हणून कोण म्हणतंय बंद करा? प्रश्न वाटणीचा आहे. वायू नळातून पुढं जातो, वीज तारेतून जाते, आवाज तिथंच राहतो. सायलेन्सर आहेत, यंत्रावर घालायच्या आवाजरोधक खोल्या आहेत, ठरवून सोडायचा वायू दिवसा सोडता येतो. या सगळ्याला पैसा लागतो. टाळता येण्यासारखा आवाज म्हणजे वाचवलेला पैसा. तो कुणाच्या झोपेतून वाचवला, एवढंच विचारायचंय.

उरणच्या शेतकऱ्यांनी जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या भावासाठी गोळ्या झेलल्या, पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क आला. पण तो हक्क सातबाऱ्यावर उभा आहे. ज्याच्या नावावर गुंठा नाही, त्या मजुराच्या झोपेचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडं?

आणि भीती? ३ सप्टेंबर २०१९ ला उरणच्या वायू प्रकल्पात आग लागली, माणसं मेली. अशा प्रकल्पाशेजारचा माणूस कानानं पहारा देतो. आवाज वाढला तरी दचकतो, एकदम थांबला तरी दचकतो. त्याला शांतताही मोकळी मिळत नाही.

गोंगाटाशिवाय जगणं हे अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली सांगितलं. तो निकाल भोंगे-फटाक्यांचा होता, पण कान तोच. हा हक्क आपण मागितला की आपल्या जयंतीच्या भोंग्यालाही तो लागू होईल. होऊ दे. हक्क असा दोन्हीकडं कापणाराच असतो.

तेव्हा वस्तीत जाल तेव्हा "त्रास होतो का?" असं विचारू नका. "सवय झालीय" हेच ऐकाल. विचारा, रात्री किती वेळा जाग येते? पोर अभ्यासाला कुठं बसतं? म्हातारीशी बोलताना किती ओरडावं लागतं? तारीख, वेळ लिहून घ्या. मोजणी रात्री करा, घराच्या दारात करा, जाड्या आवाजाचीही करा, अशी लेखी मागणी द्या. लोक गप्प आहेत म्हणून तिथं शांतता आहे, असं समजू नका.