पिंजऱ्याबाहेरचे मासे

खळ्यावर पाखरं जमली म्हणजे शिवारात पाखरं वाढली, असं लोणार तालुक्यातल्या बीबीचा शेतकरी मानत नाही. दाणा सांडला तिथे ती आली, एवढंच. हीच साधी समज पाण्याशी आलं की आपण काठावर ठेवून देतो. जाळीचे पिंजरे टांगून त्यात मासे पाळले की पिंजऱ्यांभोवती मोकळ्या माशांची दाटी होते, आणि ती पाहून ‘पिंजऱ्यांमुळे मासळी वाढली’ असं म्हटलं जातं. बीबीहून समुद्र फार लांब. ज्या सरोवरामुळे लोणार तालुक्याचं नाव जगभर गेलं, त्याचं खारं, अल्कधर्मी पाणीही मासेमारीचं नव्हे. पण जवळच्याच देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेवर संत चोखामेळा जलाशय आहे. हीच नदी पुढे पूर्णा म्हणून येलदरीच्या धरणात अडते. जलाशयांत पिंजरे टाकायला प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून २०२० पासून अनुदान मिळतं. त्यामुळे समुद्रातल्या पिंजऱ्यांभोवती मासे कसे वागतात, हे इथल्या माणसानेही जाणून घ्यावं असं झालं आहे.

या वागण्याचा अभ्यास सर्वांत नेटाने झाला तो स्पेन आणि नॉर्वेच्या किनाऱ्यांवर. पिंजऱ्यांजवळचे मोकळे मासे मोजले आणि थोड्या अंतरावरच्या, पिंजरे नसलेल्या पाण्यातलेही मोजले, तेव्हा फरक किंचित नव्हता. कित्येक पटींचा होता. कारण उघड आहे. टाकलेल्या खाद्यातलं काही पिंजऱ्यातल्या माशांच्या तोंडून सुटतं, जाळीतून बाहेर पडतं आणि बाहेर टपलेल्यांना आयतं मिळतं. शिवाय तरंगत्या सांगाड्याचा आडोसा असतोच. नॉर्वेतल्या संशोधकांनी सेथ नावाच्या, कॉडच्या कुळातल्या माशांच्या अंगात ध्वनिसंकेत देणारी छोटी यंत्रं बसवली. हे मासे एका मत्स्यशेतीवरून दुसऱ्या मत्स्यशेतीवर जाताना आढळले. म्हणजे पिंजऱ्याची जाळी ही मालकीची हद्द असेल, पाण्याची नव्हे. दोन मालकांच्या मधल्या पाण्यातून मासे ये-जा करतात, तशी रोगांचीही वाट खुली राहू शकते. या माशांचं कालवण कसं लागतं हाही प्रश्न क्षुल्लक नाही: गोळी-खाद्यावर पोसलेल्या सेथचं मांस मऊ पडतं, अशी तिकडच्या मच्छीमारांची तक्रार आहे. त्या खाद्यात वनस्पतींचा वाटा मोठा असतो, आणि सोयाबीनची पेंड हा जगभरच्या मत्स्यखाद्याचा नेहमीचा घटक आहे. आपल्या शिवारातलं पीक कोणाच्या पोटात जाईल याचा नेम नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. खळ्यावरचा दाणा रानातूनच आलेला असतो. पिंजऱ्यातलं खाद्य मात्र बाहेरून येतं. पाण्यात नवं अन्न पडलं तर मासे नुसते गोळा कशाने होतील, वाढतीलच की. हा तर्क पोकळ नाही. नॉर्वेतल्याच एका अभ्यासात, २०११ साली, पिंजऱ्यांजवळचे कॉड आणि सेथ लांबच्या माशांपेक्षा धष्टपुष्ट निघाले. अशी ठिकाणं माशांसाठी सापळा न ठरता बेण्याचं ठिकाणही ठरू शकतील, असा निष्कर्ष त्यातून निघाला. पण त्याला एक अट जोडलेली होती: तिथे जमलेल्या माशांवर जाळं पडता कामा नये. माझा मुद्दा नेमका इथे येतो. दाटी ही वाढ आहे की नुसती गोळाबेरीज, हे खाद्य ठरवत नाही, भोवतालची मासेमारी ठरवते. एका जागी दाटलेला मासा पकडायला सगळ्यांत सोपा. चार दिवस जाळी भरून येतात, आणि जे दूरवरून आले ते दूरवर उणे होतात. नॉर्वेत मत्स्यशेतीपासून शंभर मीटरच्या आत मासेमारीला बंदी आहे. या नियमाला मी केवळ मालमत्तेची राखण म्हणणार नाही.

समुद्राचं गणित धरणाला लावायचं कसं, असं कोणी विचारेल. तसंच्या तसं लावू नयेच. समुद्रातला मासा कोणी सोडलेला नसतो. आपल्या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली बहुतांशी माणसाने सोडलेली असतात, कारण हे मासे वाहत्या पाण्यात अंडी घालतात आणि साचलेल्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे, बोटुकलीचा खर्च तिचा. पिंजरा मात्र दुसऱ्याचा असेल, तर त्या पिंजऱ्याखाली जमलेला रोहू कोणाचा? समुद्रात हा प्रश्न धूसर राहू शकतो, धरणात तो थेट हिशेबाच्या वहीत येतो. त्यात उन्हाळ्यात पाणी आटतं, मासे तसेही उरल्या डोहाकडे सरकतात आणि पिंजरेही खोल पाणी शोधत तिथेच ओढले जातात. म्हणजे वर्षातल्या सर्वांत नाजूक महिन्यांत सगळी दाटी एकाच जागी. आणखी एक गोष्ट बाहेरून आत नव्हे, आतून बाहेर जाते: पिंजऱ्यात बहुधा पंगस किंवा चिलापी असते, आणि जाळी फाटली तर चिलापी साचल्या पाण्यातही झपाट्याने वीण वाढवते.

इथेही पिंजऱ्यांभोवती मासेमारी बंद ठेवायची म्हटली की ‘गरीब भोयाला आणखी एक बंदी कशाला?’ हा प्रश्न येतो, आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. बंदीचं ओझं पिंजरेवाल्यावर न पडता जाळंवाल्यावर पडलं तर ती अन्यायाचीच बंदी. म्हणून पिंजऱ्याला परवानगी देतानाच भोवतालचं किती पाणी बिनजाळ्याचं राहील हे लिहावं, आणि तेवढ्या पाण्याची रक्कम संस्थेच्या ठेक्यातून कमी करून पिंजऱ्याच्या भाड्यात चढवावी.