झाकलेली पाने, उघडे नियम

तीन पत्ती खेळत वाढलेला माणूस पोकर शिकायला बसला की पहिल्याच पायरीवर अडखळतो. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने आलेली पाने) कलरला (एकाच चिन्हाच्या पानांना) मारते आणि पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. पाने तीच, कॅट तोच, राजा-राणी-गुलाम तेच. मग मान का उलटा? त्याचे उत्तर कुणाच्या लहरीत नाही, मोजणीत आहे. ५२ पानांतून तीन पाने उचलण्याचे २२,१०० प्रकार होतात. त्यांत साध्या कलरचे १,०९६ आणि साध्या सिक्वेन्सचे ७२०. पाच पाने उचलायची ठरवली की प्रकार होतात २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्सचे १०,२०० आणि कलरचे ५,१०८. पानांची संख्या तिनावरून पाचावर गेली आणि दुर्मीळ होते ते सुलभ झाले, सुलभ होते ते दुर्मीळ झाले. जे विरळा त्याचा मान मोठा, एवढे एकच तत्त्व दोन्ही खेळांत काम करते.

हे तत्त्व कळले की हातांची उतरंड घोकावी लागत नाही. पाच पानांच्या निम्म्याहून थोड्या अधिक हातांत, १३,०२,५४० हातांत, काहीच जमलेले नसते. तिथे सर्वांत मोठे पान बघायचे. त्यावर एक जोडी, मग दोन जोड्या, मग सारखी तीन पाने. त्यानंतर सिक्वेन्स, कलर, आणि तीन अधिक दोन अशी रचना म्हणजे फुल हाउस. सारखी चार पाने येण्याचे प्रकार फक्त ६२४. एकाच चिन्हाची दश्शीपासून एक्क्यापर्यंतची पाने, म्हणजे रॉयल फ्लश, केवळ चार. कॅटमधून दुर्रीपासून पंजीपर्यंतची पाने काढून ३६ पानांवर खेळतात तेव्हा कलर फुल हाउसपेक्षा विरळा होतो आणि त्या प्रकारात त्याचा मानही वर चढतो. अर्थात रूढी कधी कधी गणितापुढे नमत नाही. तीन पत्तीत प्युअर सिक्वेन्सचे, म्हणजे एकाच चिन्हाच्या सिक्वेन्सचे, प्रकार ४८ आणि ट्रेलचे, म्हणजे सारख्या तीन पानांचे, ५२. तरीही ट्रेलच मोठी. तीन एक्के एकत्र पडलेले दिसताच डोळे दिपतात, आणि रूढीने त्या दिपण्याला मान दिला आहे. बाकी सगळीकडे नियमामागे कारण उभे आहे. ते शोधत शिकणारा माणूस पाठ करणाऱ्यापेक्षा उशिरा शिकतो, पण विसरत नाही.

हातांची उतरंड ही मात्र पोकरची फक्त बाराखडी. पोकरचे जे अनेक प्रकार आहेत ते या उतरंडीवरून वेगळे होत नाहीत. ते वेगळे होतात दुसऱ्याच एका गोष्टीवरून: कोणाला किती दिसते आणि कोणापासून किती झाकलेले असते. प्रत्येक प्रकार म्हणजे अज्ञानाची वेगळी वाटणी. मला पोकरच्या नियमांत रमावेसे वाटते ते याच कारणाने.

इतिहासही तेच सांगतो. जो कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने १८२९ सालच्या एका आगबोटीच्या प्रवासातला पोकर आपल्या आठवणींत नोंदवला आहे. मिसिसिपीच्या खोऱ्यात तेव्हा वीस पानांचा खेळ चाले: दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, चौघांना पाच-पाच, कॅटमध्ये एकही पान शिल्लक नाही. पुढे ५२ पाने आली आणि बरीच पाने न वाटलेली राहू लागली. मग पाने बदलण्याची मुभा आली, त्यानंतर काही पाने उघडी वाटायची पद्धत आली, आणि विसाव्या शतकात टेबलाच्या मध्यभागी सगळ्यांची सामाईक पाने आली. अंधाराकडून उजेडाकडे असा हा प्रवास आहे. पण उजेड वाढला म्हणून खेळ सोपा झाला नाही. उलट तो खोल होत गेला, कारण थोडे दिसू लागले की न दिसणाऱ्याचा विचार करायला आधार मिळतो.

‘फाइव्ह कार्ड ड्रॉ’मध्ये पाचही पाने झाकलेली. एक फेरी बोली होते, मग नको असलेली पाने टाकून तितकीच नवी घ्यायची, पुन्हा बोली, आणि शेवटी पाने उघडायची. समोरच्याबद्दल दिसणारी गोष्ट एकच: त्याने किती पाने बदलली. तीन बदलली तर बहुधा हातात जोडी. एकच बदलले तर दोन जोड्या, किंवा एका पानासाठी अडलेला कलर. एकही बदलले नाही तर एकतर हात पक्का आहे, किंवा तो तसा भासवला जातो आहे.

‘सेव्हन कार्ड स्टड’मध्ये प्रत्येकाला सात पाने मिळतात: पहिली दोन झाकलेली, मधली चार उघडी, शेवटचे पुन्हा झाकलेले. सातांतून उत्तम पाच निवडायची. इथे स्मरणशक्तीची परीक्षा होते. समजा आपल्याकडे बदामची चार पाने जमली आणि पाचव्याची वाट आहे. कॅटमध्ये बदाम तेरा. चार आपली, समोरच्यांच्या उघड्या पानांत पाच दिसून गेली, म्हणजे आशा करायला उरली चारच. त्या पाचांतली दोन कदाचित डाव सोडून गेलेल्यांची असतात आणि एव्हाना टेबलावरून उचललीही गेलेली असतात. ती ज्याच्या लक्षात राहिली त्याची आशा चारांची. जो विसरला तो सहांची आशा धरून पैसे लावतो.

या ठिकाणी वनपर्वातला ऋतुपर्ण आठवतो. धावत्या रथातून बेहड्याचे झाड पाहून तो त्याची पाने आणि फळे सांगतो. सारथ्याच्या वेषातला नळ रथ थांबवून मोजून पाहतो, तर आकडा बरोबर निघतो. ऋतुपर्णाजवळ अक्षहृदय आहे. द्यूताचे रहस्य आणि मोजणीची विद्या त्याच्यापाशी एकत्र नांदतात. दिसते त्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज घेणे ही जुगाऱ्याची विद्या आहे आणि तीच मोजणी करणाऱ्या शास्त्राचीही आहे, हे त्या कथाकाराने किती आधी ओळखले होते! नळाने ती विद्या शिकून घेतली, आणि हे उपाख्यान सांगणाऱ्या बृहदश्व ऋषींकडून पुढे युधिष्ठिरानेही घेतली. सर्वस्व गमावल्यानंतर, वनात.

आज जगभर सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे ‘टेक्सास होल्डेम’. टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ साली रॉब्सटाउन या गावाला त्याचे जन्मस्थान म्हणून मान दिला. १९६० च्या दशकात तो लास वेगासला पोचला. तिथे बेनी बिनियनने १९७० मध्ये ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू केली, आणि २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा टेनेसीतला हिशेबनीस इंटरनेटवरच्या पात्रता फेरीतून तिथे येऊन २५ लाख डॉलर जिंकून गेला. नियम थोडके. प्रत्येकाला दोन झाकलेली पाने. वाटपाआधीच दोघांनी ठरलेली रक्कम मध्ये टाकायची. या सक्तीच्या रकमांना ब्लाइंड म्हणतात आणि ही पाळी दर डावाला पुढे सरकते. एक फेरी बोली झाली की मध्ये तीन पाने उघडतात, तो फ्लॉप. पुन्हा बोली, मग चौथे पान, टर्न. पुन्हा बोली, मग पाचवे, रिव्हर. आणि शेवटची बोली. आपली दोन आणि सामाईक पाच अशा सातांतून उत्तम पाचांचा हात.

सुरुवातीला आपली दोन पाने तेवढी माहीत असतात. समोरच्याच्या दोन पानांच्या शक्यता १,२२५. मधली पाचही पाने उघडल्यावर त्या उरतात ९९०. म्हणजे सगळी पाने उघडूनही गणित आपल्याला १,२२५ वरून ९९० पर्यंतच आणते. उरलेली वाट माणसाकडे बघत चालायची असते: त्याने कुठे वाढवले, कुठे नुसते जुळवले, कुठे थबकला. होल्डेमचे सारे मर्म या उरलेल्या वाटेत आहे.

‘ओमाहा’ त्याचाच भाऊ. चार पाने हातात, मात्र त्यांतली नेमकी दोनच वापरायची आणि मधली नेमकी तीन. हा ‘नेमकी’ शब्द नवशिक्याच्या हातून निसटतो. मध्ये इस्पिकची राणी, दश्शी, सत्ती, दुर्री आणि एक बदामची चौकी पडली आहे. हातात इस्पिकचा एक्का. होल्डेममध्ये हा हात अजिंक्य. ओमाहात मात्र हातातल्या बाकीच्या तीन पानांत इस्पिकचे एकही नसेल तर कलर नाहीच. एक्का तिथे नुसता दिसायला मोठा. ‘रॅझ’मध्ये तर सर्वांत लहान हात जिंकतो आणि एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी हा परमोच्च हात ठरतो.

या सगळ्या प्रकारांत एक व्याकरण समान आहे. पाळी आली की बोलीत काही न लावता पुढे जाता येते, लावता येते, दुसऱ्याने लावलेले जुळवता येते, वाढवता येते, किंवा पाने टाकून डावातून उठता येते. बाकी सगळ्यांनी पाने टाकली तर उरलेला माणूस हात न दाखवताच जिंकतो. बतावणीला जागा मिळते ती याच नियमातून. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पोकरने या म्हणीला जोड दिली ती अशी की मूठ उघडून बघायची असेल तर बघणाऱ्याने किंमत मोजावी. जॉन फॉन नॉयमनने १९२८ साली खेळांच्या सिद्धान्तावरचा निबंध लिहिला आणि १९४४ मध्ये ओस्कर मॉर्गनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरचे गणित मांडले. बतावणी हा तिथे स्वभावदोष राहत नाही; ती योग्य खेळाचा आवश्यक भाग ठरते, आणि तीही मध्यम हातांवर नव्हे तर सर्वांत हलक्या हातांवर करायची असते. बुद्धिबळाचा विश्वविजेता १९९७ मध्ये यंत्रापुढे हरला. दोघांतल्या, बोलीला मर्यादा नसलेल्या होल्डेममध्ये ‘लिब्राटस’ या यंत्राने चार व्यावसायिकांना हरवायला २०१७ उजाडावे लागले. बुद्धिबळात सारा पट उघडा असतो. पोकरमध्ये झाकलेल्या पानांबरोबर दुसऱ्याचे मनही मोजावे लागते, म्हणून वीस वर्षे अधिक लागली.

तरी मला सर्वांत मोलाचे वाटतात ते दोन नियम या बुद्धीच्या वैभवापेक्षा साधे आहेत. पहिला: चालू डावात खिशातून नवे काही काढून लावता येत नाही, डाव सुरू होताना टेबलावर जे होते तेवढेच पणाला. समोरच्याने त्याहून अधिक लावले तर आपल्याजवळचे सगळे लावून आपल्या वाट्यापुरता डाव खेळता येतो. जास्तीची रक्कम बाकीच्यांत वेगळी ठेवली जाते. दुसरा: पाने टाकून बाहेर पडणे ही एक रीतसर चाल आहे, आणि चांगला खेळाडू तीच सर्वाधिक वेळा करतो.

युधिष्ठिर हरला त्या द्यूतसभेत यातले काहीही नव्हते. पण लावला की फासा पडायचा आणि निकाल लागायचा. पण आणि निकाल यांच्यामध्ये माघारीला पायरीच नव्हती. पणाला काय लावावे यालाही सीमा नव्हती. धन संपले तेव्हा राज्य, राज्य संपले तेव्हा भाऊ, मग स्वतः, मग द्रौपदी. अक्षहृदय न येणे ही युधिष्ठिराची उणीव होती, हे खरे. पण ज्या सभेत भीष्म-द्रोण बसले होते तिथे ‘पटावर आहे तेवढेच’ असा एक नियम असता तर शकुनीचे सारे कसब पहिल्या काही डावांतच संपले असते. विद्या माणसाला जिंकायला मदत करते. मर्यादा त्याला हरल्यावरही माणूस म्हणून शिल्लक ठेवते.

ही मर्यादा टेबलाच्या नियमांत आहे, पण टेबलाबाहेर तिचा अंमल चालत नाही. एक डाव संपला की दुसऱ्यासाठी नवे पैसे आणायला कुणी अडवत नाही, आणि घरे बुडतात ती दोन डावांमधल्या या मोकळ्या जागेत. मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंत काय चालते ते गोव्याला ठाऊक आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये बंदी घातली तीही याच अनुभवातून. म्हणून हा खेळ चिंचोक्यांवर शिकावा. मात्र ते मोजून द्यावेत आणि संपल्यावर पुन्हा देऊ नयेत. अमाप चिंचोके असले की प्रत्येक जण शेवटपर्यंत खेळत राहतो, कुणी पाने टाकत नाही आणि बतावणीला अर्थ उरत नाही. वीसच चिंचोके मिळाले की विसावा लावताना दहा वर्षांचे मूलही विचार करू लागते.

आणि शिकवण्याचा क्रमही बदलावा. आपण आधी हातांची उतरंड सांगतो, कारण ती चमकदार असते. रॉयल फ्लशचे नाव काढताच मुलांचे डोळे विस्फारतात. तो हात आयुष्यात क्वचित येईल. पाने टाकायची वेळ प्रत्येक संध्याकाळी अनेकदा येईल, आणि टाकलेली पाने परत मागता येत नाहीत, पाने न उघडता जिंकणाऱ्याला त्याचा हात दाखवायला भागही पाडता येत नाही. माघार बरोबर होती की चूक, ते बहुतेकदा कळणार नसते. कळणार नाही हे मान्य करून, दिसले तेवढ्यावर नीट विचार करून निर्णय घेणे आणि पुढच्या डावाला ताज्या मनाने बसणे, ही पोकरची पहिली इयत्ता. सिक्वेन्स मोठी की कलर मोठा, हे दुसऱ्या इयत्तेत शिकवले तरी चालेल.